लुगड्याचे सात चौकोन

आत्यानं लुगड्याच्या कडेला दातानं बारीकशी खाच पाडली, दोन्ही बाजू मुठीत धरल्या आणि एका दमात पन्हाभर टरकावलं. कात्री शेजारीच पडली होती. मी कात्रीकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"कात्री वाकडी जाते रे. फाडलं की सूत धरून जातं."

लुगडं माझ्या आजीचं, म्हणजे आत्याच्या आईचं. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. ते ज्या बाळासाठी फाडलं जात होतं, ते अजून जन्मायचं होतं. माझ्या पुतणीला आठवा महिना लागला होता, आणि वाईच्या घरात माजघरात चटई अंथरून आत्या दुपट्यांना लागली होती.

आपल्याकडे नव्या बाळाला जे द्यायचं त्याला एक नेमका शब्द आहे, बाळंतविडा. विडा म्हटलं तरी पानसुपारी नव्हे. बाळंतिणीला साडी-खण आणि बाळाला अंगडं-टोपडं, झबली, लंगोट, दुपटं, कुंची, ऐपत असेल तर वाळे-बिंदल्या, असा तो सगळा संच. साडी-खण आणि सोनाराकडची वस्तू सोडली तर यातलं काहीच काही वर्षांपूर्वीपर्यंत बाजारातून येत नसे. आज पुण्याच्या तुळशीबागेत किंवा दादरला उभं राहिलं की पाच मिनिटांत सगळा बाळंतविडा जरीच्या लेससकट पिशवीत पडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या पिशवीत दुपटं बघितलं की हात लावून बघावंसं वाटतं, आणि लावला की कळतं, हे अजून कोणीच वापरलेलं नाही. दुपट्याचा तोच दोष.

हे नीट समजायला दुपट्याच्या वेळेपासून सुरुवात करावी लागेल. अनेक घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवीन काही आणत नाहीत. दृष्ट लागेल, अशुभ होईल, भीती काहीही असो, त्यामागे पूर्वीच्या बाळंतपणांचा कटू अनुभव असणार हे उघड आहे. पण बाळ आल्यावर पहिल्या तासापासून कापड लागतं, आणि भरपूर लागतं. मग करायचं काय? बायकांनी यातून पळवाट काढली. जुन्या लुगड्याचं दुपटं हे नवीन आणणं होत नाही. ते घरातच होतं, फक्त त्याचा आकार बदलला. त्यामुळे सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण उरकलं की घरातल्या थोरल्या बायका ट्रंका उघडत. दुपट्यावर नाव नसतं, मुलगा-मुलगी नसतं. नाव ठेवायचं बाराव्या दिवशी, बारशाला. दुपटं त्याच्या कितीतरी आधीचं. हल्ली बाळाचं नाव आणि जन्मवेळ भरतकामात घातलेली पांघरुणं भेट देतात. छान दिसतात. पण ती बाळाची ओळख झाल्यावर केलेली असतात. दुपटं ओळख नसलेल्या माणसासाठी शिवलेलं असतं.

तर लुगडं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. पन्हा मीटरभराहून थोडा जास्त. पन्ह्याएवढी लांबी घेत चौकोन फाडत गेलं की एका लुगड्यातून सात निघतात. कागदावर. प्रत्यक्षात कासोट्याकडचा आणि बसून बसून विरलेला भाग बाद होतो. आत्या प्रत्येक चौकोन खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरी. मग दोन अंगठ्यांमध्ये ताणून बघे. ताणल्यावर चर्र आवाज आला तर तो बाळुत्यांकडे. सातातले चार दुपट्याच्या लायकीचे निघाले, दोन बाळुत्यांना गेले आणि एकाचं काय करायचं ते तिनं ठरवलं नाही, तो बाजूला ठेवला. लुगड्याचा इरकली काठ तिनं आधीच फाडून वेगळा केला होता. काठ जाड असतो, बाळाच्या गालाखाली आला तर टोचतो.

जुन्या कापडाचं हे कौतुक निव्वळ भावनेचं नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. म्हणून नवं सुती कापड ताठ असतं आणि पाणी पटकन पीत नाही. शंभर-दोनशे धुण्यांत खळ जाते, तंतू सुटे होतात, कापड मऊ पडतं आणि ओल शोषू लागतं. जो रंग जायचा तो आधीच गेलेला असतो. वीस वर्षं नेसलेलं लुगडं म्हणजे वीस वर्षं कोणीतरी बाळासाठी कापड तयार करत होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

चार थर एकावर एक घातले. कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, भरलेला तांब्या आणि माझा मोबाइल ठेवून ते ताणले. आत्यानं तळहातानं सळ काढले, मग लांब लांब कच्चे टाके घातले, थर सरकू नयेत म्हणून. पक्की शिवण नंतर. कडा आत दुमडून तिनं कडेनं धावदोरा धरला आणि चौकोनातल्या चौकोनात आत आत येत गेली. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. सुईवर एका वेळी चार-पाच टाके घेऊन मग दोरा ओढायचा. गाठ कधीच वर नाही. ती थरांच्या मध्ये दडवायची, दोरा संपला की मागे दोन टाके घेऊन आत सोडायचा.

मला सुई धरता येत नाही, म्हणून मी हिशोब केला. मीटरभर बाजूचा चौकोन, ओळींमध्ये दोन सेंटिमीटर अंतर. सगळ्या ओळी एकापुढे एक जोडल्या तर पन्नास मीटर. टाका आणि त्यानंतरची मोकळी जागा मिळून सेंटिमीटरभर धरली तर पाच हजार टाके. मी आकडा सांगितला. आत्यानं मान वर न करता म्हटलं, "मोजत बसला असतास तर झालं नसतं."

कडेपासून मध्याकडे यायची ही रीत मला चमत्कारिक वाटली होती. पाश्चात्त्य पद्धतीनं रजई शिवणारे मध्यापासून बाहेर जातात, म्हणजे कापडाचा सैलपणा कडेला निघून जातो. आत्याच्या रीतीत तो मध्याकडे जमा होत येतो, आणि तिथं शिवणाऱ्याच्या हाताला तो टाक्याटाक्यात जिरवावा लागतो. म्हणूनच हातशिवणीच्या दुपट्यावर त्या बारीक सुरकुत्या उमटतात, पावसानंतरच्या वाळूसारख्या. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या भागात राहणाऱ्या सिद्दी बायकाही आपली कवंदी, म्हणजे गोधडी, अशीच कडेपासून आत शिवत येतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे हे वंशज. बोलीत त्यांच्या कोकणी-मराठीची सरमिसळ असते. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना त्या कापडाची दुमडलेली त्रिकोणी फुलं लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना पुरी झालीशी वाटत नाही. तिकडे बिहारात मुजफ्फरपूरजवळच्या भुसरा गावची सुजनी ही गोधडी तर मुळात नवजात बाळासाठीच शिवली जाई. तिथं चितिरिया माँ नावाची चिंध्यांची देवी आहे. आपण चिंधीला देवी केलं नाही. आपल्या दुपट्याला देव नाही, फूल नाही, नक्षी नाही. कोपऱ्याला फूल लावतेस का, असं मी आत्याला विचारलं. "तोंडात जाईल," एवढंच उत्तर मिळालं.

थर पातळ असल्यानं दुपटं लवकर वाळतं, आणि ही गोष्ट ज्यानं कोकणात किंवा वाईत पावसाळ्यातलं बाळंतपण पाहिलंय त्यालाच खरी कळेल. शेगडीत निखारे, त्यावर ओवा-शेपा आणि धूप टाकलेला, वर बांबूची टोपली उपडी आणि त्या टोपलीवर बाळाची दुपटी-बाळुती. घरभर तो वास. जाड ब्लँकेट तिथं तीन दिवसांत वाळलं नसतं.

कुंचीची गोष्ट अगदी उलटी. दुपटं जितकं बिनदिमाखाचं, तितकी कुंची मिरवणारी. टोपडं आणि पाठीवर सोडलेला झगा यांच्या मधली वस्तू ही. डोकं, कान आणि पाठ एकदम झाकते. खणाची किंवा रेशमी जुन्या साडीची. आयताकृती तुकडा मध्ये दुमडून वरची बाजू शिवायची, डोक्याच्या मागे चुण्या घालून गोलाई आणायची, खालचा घोळ मोकळा सोडायचा, चेहऱ्याभोवती जरीचा काठ येईल असं बघायचं आणि हनुवटीखाली बंद. खण बहुधा गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला, चोळ्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात येत असलेला. आतून मात्र मऊ मलमलीचं अस्तर हवंच, नाहीतर जर बाळाचे कान लाल करते. पुष्कळ विकत्या कुंच्यांना ते नसतं, आणि बारशाच्या फोटोत बाळ का रडतंय याचं उत्तर तिथंच असतं.

कुंची तासाभरापुरती घालतात आणि पुन्हा घडी घालून वेखंडाच्या पुरचुंडीसोबत ट्रंकेत ठेवतात. म्हणून ती टिकते. आमच्या घरची हिरवी कुंची माझ्या वडिलांनी घातली, आत्यानं घातली, मी घातली, पुतणीनं घातली. दुपट्यांचं असं काहीच उरलेलं नाही. आठवण म्हणून जपायची वस्तू कोणती, असं विचारलं तर सगळे कुंचीकडे बोट दाखवतील. मी इतक्या खात्रीनं दाखवणार नाही. इतक्या वर्षांत कुंची मिळून दहा-बारा तास अंगावर असेल. दुपटं पहिल्या सहा महिन्यांत दिवसरात्र.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने दुपट्याहूनही अल्पायुषी. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं, त्यावर हलव्याचा हार, मुकुट, बाजूबंद आणि मग बोरन्हाण: बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओतायचे. काटेरी हलवा करणं हा मंद आचेवर तासन्‌तास थेंब थेंब पाक घालत परात हलवत बसायचा उद्योग. तो एका दुपारसाठी होतो आणि रात्री मुंग्या येतात. जतन करायचा विचारच कोणी करत नाही. चांगलं आहे.

दुपटं शिवणारे हात कमी झाले, असं सगळे म्हणतात. माझ्या मते हात आहेत. यूट्यूबवर धावदोरा शिकून घेणाऱ्या मुली आहेत, बचतगटांच्या बायका सुंदर गोधड्या करतात. संपलंय ते कापड. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, आणि पुढे तिथली सुती लुगडी-धोतरं गावोगाव पोचली. घराघरांत विरत आलेलं सुती कापड ट्रंका भरून असायचं. मग पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, ओलही पीत नाहीत. त्यांच्या गोधड्या होतात, रंगीबेरंगी होतात, पण बाळाच्या अंगाखाली निरुपयोगी. बाळुत्यांची गरज डायपरनं संपवली. आज कोणाला दुपटं शिवायचं असेल तर आजीचे जुने सुती गाऊन, बाबांचे धोतर-पंचे, मलमलीच्या ओढण्या, घासून घासून मऊ झालेली चादर, हे शोधावं लागेल. नवं कापड आणून चार वेळा धुतलं तरी चालतं, पण चारदा धुतलेलं आणि वीस वर्षं नेसलेलं यांत फरक राहतोच.

आत्यानं न्यू जर्सीत असलेल्या तिच्या नातीसाठीही एक दुपटं पाठवलं होतं. तिकडे डॉक्टरांनी पहिलं वर्षभर झोपताना पाळण्यात सैल पांघरूण घालू नका म्हणून सांगितलेलं, गळ्याशी बंद असलेलं काही घालून झोपवू नका म्हणूनही. सल्ला रास्त आहे. आत्याला वाईट वाटेल म्हणून लेकीनं बरेच दिवस सांगितलं नाही, दुपटं भिंतीवर टांगलं आणि फोटो पाठवला. आत्या चिडली ती त्या फोटोवर. "खाली अंथर ना! जागी असेल तेव्हा लोळू दे त्यावर. भिंतीला काय थंडी वाजतेय?"

पुतणीचं दुपटं पुरं व्हायला नऊ दुपारी लागल्या. शिवण मध्यावर आली तेव्हा शेवटचा चौकोन तळहाताएवढा उरला. तिथं सुई अडली. थर चारच होते, पण मध्ये काहीतरी जास्तीचं लागत होतं. मी विचारल्यावर आत्यानं सांगितलं, बाजूला ठेवलेला तो सातवा चौकोन तिनं आतल्या दोन थरांच्या मध्ये घातला होता, चार घड्या करून, फक्त मधोमध. तिथं सगळ्यात आधी भिजतं म्हणून.

बाळ जन्मलं ते भर जुलैत. पुतणी दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. तब्येत, दूध, झोप, सगळं विचारून झालं आणि मग:

"दुपटं वापरलंस का?"

"वापरलं ना आत्याआजी. कालपासून चार वेळा भिजलं."

"मध्यावर?"

"मध्यावर."

"मग दुसरं घेते शिवायला," आत्या म्हणाली, आणि पलीकडे ट्रंकेची कडी वाजली.