नावातच कळतो उत्कलनबिंदू

मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळ उरवडे गाव आहे. तिथे प्राज इंडस्ट्रीजचे संशोधन केंद्र आहे, प्राज मॅट्रिक्स. प्रमोद चौधरी यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही पुण्याची कंपनी इथेनॉलचे प्रकल्प उभारते. दहावीला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा घोकणाऱ्या मुळशीच्या मुलांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवे. त्या धड्यातला अल्कोहोलांचा तक्ता हे त्यांच्या शेजारच्या गावातले रोजचे काम आहे.

इथेनॉल हे नाव फोडून पाहा. ‘इथ’ म्हणजे दोन कार्बन, ‘एन’ म्हणजे त्यांच्यातला बंध एकेरी आणि ‘ऑल’ म्हणजे अल्कोहोलचा ओएच गट. १८९२ साली जिनिव्हात जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा पाया घातला. आता एकेक कार्बन वाढवत जा. मेथेनॉल साधारण ६५ अंश सेल्सिअसला उकळते, इथेनॉल ७८ला, प्रोपेनॉल ९७ला, ब्युटेनॉल ११८ला. साखळी लांबली की रेणूंची एकमेकांवरची पकडही वाढते. ज्याला नाव वाचता आले, त्याला उकळण्याचा क्रमही कळला.

इथेनॉलच्या प्रकल्पात मळी आंबवली की तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होते, बाकी बहुतेक पाणीच. हे मिश्रण उंच मनोऱ्यात सोडतात. आत एकावर एक तबकड्या असतात. वाफ वर चढते, द्रव खाली उतरतो. प्रत्येक तबकडीवर थोडी वाफ निवते आणि तिच्याच उष्णतेने द्रवातले अल्कोहोल पुन्हा उकळते. शाळेतल्या चंबूत एकदाच घडणारे ऊर्ध्वपातन इथे पायरीपायरीने कितीतरी वेळा घडते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते याच मिश्रणात थोडेसे असणारे ३-मिथाइलब्युटेन-१-ऑल. उत्कलनबिंदू १३१ अंश, म्हणजे त्याने तळाशीच राहायला हवे. पण त्याच्या पाच कार्बनांचे पाण्याशी जमत नाही, म्हणून तळच्या पाणीदार द्रवातून ते वाफेबरोबर वर निसटते. वर इथेनॉलच भरपूर. त्यात ते सुखाने विरघळते आणि द्रवाबरोबर खाली येते. शेवटी मधल्याच तबकड्यांवर साठते. अशा जड अल्कोहोलांचे फ्यूजेल तेल काढतात ते तिथूनच.

वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल झाले की मात्र मनोरा हरतो, कारण वाफ आणि द्रव यांतले प्रमाण सारखेच होते. उरलेले पाणी झिओलाइटचे खडे टिपतात. त्यांची छिद्रे ३ अँगस्ट्रॉमची, पाण्याचा रेणू २.८चा, इथेनॉलचा ४.४चा. पाणी आत शिरून अडकते, इथेनॉल बाहेरून पुढे निघून जाते आणि पेट्रोलमध्ये मिसळायला तयार होते.