ओलोकोच्या बायका आणि इग्बो घर

नोव्हेंबर १९२९. आग्नेय नायजेरियातल्या ओलोको गावात न्वान्येरुवा ही इग्बो बाई पामची फळं पिळून तेल काढत बसली होती. इंग्रजांनी नेमलेल्या गावप्रमुखाचा माणूस दारात आला आणि घरातली माणसं, शेळ्या-मेंढ्या मोज म्हणाला. आधी पुरुषांची अशीच मोजणी झाली होती आणि पाठोपाठ कर बसला होता. तुझ्या आईला कुणी मोजलं होतं का, असं विचारत तिनं तेलकट हातांनी त्याचा गळा धरला. मग गावोगावच्या बायकांना पामच्या पानांतून सांगावा गेला आणि हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. डिसेंबरमध्ये सैन्यानं गोळ्या झाडल्या. पन्नासहून अधिक बायका मेल्या.

सरकारी दफ्तरात याची नोंद 'दंगा' अशी झाली. वास्तविक बायकांनी केलं ते त्यांच्या रिवाजाला धरूनच होतं. बायकोला छळणाऱ्या किंवा बाजाराचे नियम मोडणाऱ्या पुरुषाच्या घरावर त्या टोळीनं जात. त्याची अब्रू काढणारी गाणी म्हणत, नाचत, कंद कुटायच्या मुसळांनी भिंती बडवत. प्रसंगी छप्परही उतरवत. तो माफी मागून वागणं सुधारायचं कबूल करेपर्यंत हलत नसत. याला 'पुरुषावर बसणं' म्हणत. कुळाच्या लेकींची संघटना 'उमुआदा', तर गावात नांदणाऱ्या सुनांची सभा वेगळी. माहेरवाशिणींचा मान आपल्याकडेही आहे, पण तो बव्हंशी ओटी भरण्यापुरता. उमुआदा भावांचे तंटे सोडवत आणि त्यांचा शब्द भावांना सहजी मोडता येत नसे.

राज्यकर्त्यांनी इथं राजा शोधला, तो नव्हता; म्हणून सनद देऊन प्रमुख नेमले, तेही सगळे पुरुष. बायकांच्या सभा त्यांच्या नकाशातच नव्हत्या. गोळीबारानंतर मात्र अभ्यासकांची रीघ लागली. सिल्व्हिया लीथ-रॉस यांचा इग्बो स्त्रियांवरचा ग्रंथ १९३९ साली आला, मार्गारेट ग्रीन यांचा गावकारभारावरचा १९४७ साली. ही पुस्तकं मोलाची आहेत. पण आधी गोळी आणि मग जिज्ञासा, हा क्रम विसरून ती वाचता येत नाहीत.

इफी अमाडिउमे या इग्बो विदुषीनं १९८७ साली आपल्याच न्नोबी गावावर पुस्तक लिहिलं आणि चर्चेचा रोख बदलला. मुलगा नसलेला बाप लेकीला सासरहून परत आणून मुलाचा दर्जा देई. मग घर-जमीन तिच्याकडे. सधन बाई रीतसर वधूमूल्य देऊन दुसरी बाई 'बायको' म्हणून आणी. तिची मुलं या 'स्त्री-नवऱ्या'च्या घराण्याची. यात शरीरसंबंधाचा प्रश्न नव्हता आणि तसा अर्थ काढणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांना अमाडिउमेंनी चांगलंच फटकारलं. न्नोबीची मुख्य देवता इदेमिली, तीही स्त्री. धनवान, कर्तबगार बायकांना मिळणारा 'एक्वे' हा किताब तिच्याच उपासनेशी जोडलेला होता.

मला यात एक गोष्ट खटकते. स्त्री-नवऱ्याची श्रीमंती वाढे ती तिच्या बायकांच्या कष्टांवरही. म्हणजे पद बाईला खुलं होतं, पण राबायला दुसरी बाई लागतच होती. शिवाय लेकीला जमीन मिळायची तर आधी तिला मुलगा ठरवावं लागे!

मुलीला बापाच्या मालमत्तेतून वगळणारा इग्बो रिवाज नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली घटनाबाह्य ठरवला. निकाल झाला म्हणून घरोघर वाटण्या झाल्या असं नाही. उमुआदा मात्र आजही भावकीतल्या मयताला एकत्र येतात आणि त्यांचा मानपान राहिला तर ऐन अंत्यविधीत अडून बसतात.