टेम्पोचा टेप का किंचाळतो?



आमच्या वळ गावाच्या आजूबाजूला गोदामे पुष्कळ, म्हणून गावात टेम्पोही पुष्कळ. माझ्या बाबांचाही एक टेम्पो आहे. त्यात गाण्यांचा सेट आहे. आता त्यात कॅसेट नसते, पेनड्राइव्ह लावतात, पण आम्ही त्याला टेपच म्हणतो. दिवाळीच्या सुमारास त्या टेपमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज येऊ लागला. ॲक्सिलेटर दाबला की आवाज चढायचा, सोडला की उतरायचा. गाणे कमी अन् कुंई जास्त!

एका दुकानात दाखवले. तिथे सांगितले, “सेट गेला. नवीन बसवा, अडीच हजार लागतील.” घरात ताईच्या सायकलीसाठी पैसे साठवलेले होते. बाबा म्हणाले, “सायकल पुढच्या वर्षी बघू.” ताई काही बोलली नाही, पण तिचे तोंड उतरले ते मला दिसले.

त्याच रविवारी मामा आले. मामा गाड्यांचे वायरिंग करतात. ते म्हणाले, “दाजी, थांबा जरा. आवाज कुठनं येतोय ते आधी शोधू, मग पैसे काढा.” त्यांनी जे केले ते मी वहीत लिहून घेतले. ते असे :

१) इंजिन बंद ठेवून टेप लावला. गाणे एकदम स्वच्छ! म्हणजे सेट आणि स्पीकर ठीक होते. बिघाड दुसरीकडे होता.

२) इंजिन चालू केले आणि मोबाइलचा चार्जर काढून पाहिला. मागे एक बारीक ‘चिर्र’ होती, ती गेली. पण कुंई राहिली. चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे हलका चार्जर असा त्रास देतो.

३) रेडिओ लावला, मग पेनड्राइव्ह लावला. दोन्हींत कुंई होतीच. नुसत्या रेडिओत असती तर ती एरियलमधून, म्हणजे हवेतून आली असती. दोन्हींत आहे, म्हणजे ती वायरीतून येते.

४) इंजिनाच्या वेगाबरोबर आवाज चढतो, म्हणजे तो अल्टरनेटरचा. अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो. त्यात उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. आतले डायोड ती एका दिशेची करतात, पण तिच्यात थोड्या लाटा उरतात. इंजिन जोरात फिरले की लाटाही भरभर येतात, म्हणून आवाज चढतो.

मी विचारले, “मामा, मग सगळ्याच गाड्या का नाय ओरडत?” मामा म्हणाले, “अर्थिंग चांगली असली तर नाय ओरडत.” गाडीत वीज वायरीने सेटपर्यंत येते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे परत जाते. ही परतीची वाट अडली की त्या लाटा गाण्यात घुसतात.

मामांनी सेटच्या काळ्या वायरीचा स्क्रू काढला. त्याच्याखाली रंगाचा जाड थर! दसऱ्याला बाबांनी टेम्पोला रंग दिला होता आणि स्क्रू रंगावरच आवळला होता. रंगातून वीज जात नाही. मामांनी पॉलिश पेपरने जागा घासून लोखंड चकचकीत केले, स्क्रू घट्ट आवळला, वरून थोडे ग्रीस लावले. इंजिन चालू केले. कुंई गायब! खर्च फक्त पॉलिश पेपरचा. एवढे करूनही आवाज राहिला असता, तर सेटच्या वायरीत फिल्टर बसवावा लागला असता, असे मामा म्हणाले.

पेट्रोलच्या गाडीत आणखी एक आवाज येतो, ‘टर्र टर्र’. तो स्पार्क प्लगच्या ठिणगीचा. १८८७ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ या शास्त्रज्ञाने ठिणगी पाडूनच रेडिओलहरी निर्माण केल्या होत्या. प्रत्येक ठिणगी अशा लहरी सोडते आणि मीडियम वेव्हचा रेडिओ त्या पकडतो. पावसाळ्यात वीज चमकली की रेडिओ खरखरतो, तोही यामुळेच. आमचा टेम्पो डिझेलचा आहे. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो.

मित्रांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे काम मोठ्या माणसांनीच करायचे. स्क्रूला हात लावण्याआधी मामांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली होती. आपण बघायचे आणि लिहून घ्यायचे.

आजी हसून म्हणाली, “आजार रेड्याला अन् औषध पखालीला!” पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. आमचे तसेच होणार होते. बिघाड स्क्रूखाली होता आणि आम्ही सेट बदलणार होतो.

ताईची सायकल आली आहे. निळी आहे. शाळेच्या फाटकाशी उभी असते, जाताना जरूर बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी