कोण नको ते सांगा!

मंडळी, हडपसरला माझा एक लहानसा फ्लॅट आहे. मुलासाठी कर्ज काढून घेतला आणि मुलगा नोकरीला बंगळूरला गेला. फ्लॅट बंद, हप्ता मात्र चालू. शेवटी भाडेकरू बघायचं ठरवलं. कवितेला वाचक शोधण्यापेक्षा हे काम सोपं असेल, असा माझा समज होता!

वॉचमनला सांगून ठेवलं, फाटकावर पाटी लावली आणि एका एजंटाकडे गेलो. त्यानं वही उघडून पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘काका, कोण नको ते आधी सांगा.’’

मी बोलून गेलो, ‘‘बॅचलर नकोत.’’

घरी परतताना मात्र मन खाऊ लागलं. पंचविशीत मीही पुण्यात खोली शोधत हिंडलो होतो. एका ठिकाणी भाडं ठरलं, चहा झाला आणि मग मालकांनी नाव विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाले, ‘‘आमची मंडळी गावाहून आली की कळवतो.’’ ती मंडळी अजून गावाहून यायची आहेत. आज मालक झाल्यावर मीही तेच करत होतो, फक्त चाळणी वेगळी होती.

मग विचारायचं तरी काय? अनुभवानं सांगतो, तीन गोष्टी. नोकरी-धंदा काय आणि भाडं पगाराला झेपतं का? राहणार किती जण? आणि आधीच्या घरमालकाचा फोन नंबर. त्यातही सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाला विचारावं. सध्याचा मालक भाडेकरू एकदाचा जावा म्हणूनही त्याची स्तुती करू शकतो!

माणूस पसंत पडला, की कागद पक्का करावा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा अनेकांचा समज आहे. आपल्या राज्यात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. ही जबाबदारी मालकाची. ती टाळली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं. हल्ली ही नोंदणी आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या होते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याची भरपाई मागता येते. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी, सोसायटीला कळवावं. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जादा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा २००१ चा सरकारी आदेश आहे.

मंडळी, एवढा बंदोबस्त कायद्यानं करून ठेवल्यावर नाव, जात आणि लग्न बघून माणसं गाळण्यात काय हशील?

दुसऱ्या दिवशी एजंटाला फोन करून माझी अट खोडायला लावली. आठवड्यात दोन तरुण आले. दोघेही नोकरी करणारे. आधीच्या मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, ‘‘भाडं वेळेवर देतात, पण चपला दाराबाहेर पसरून ठेवतात.’’ तेवढं मला चालणार होतं.

सगळं ठरल्यावर त्यातला एक चाचरत म्हणाला, ‘‘काका, तुम्ही आमची नावं विचारली नाहीत.’’

मी म्हटलं, ‘‘करारात लिहायची आहेतच. आता सांगा.’’