एका कोयत्यातली दुसरी मजुरी
महाराष्ट्रात ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. पहाटेपासून मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही. हा अन्याय मला फार मोठा वाटतो, कारण रोजगार हमीच्या १९७७च्या कायद्याने बाई-पुरुषांना सारखा दर कधीच दिला होता. हा अन्याय मिटवायला कायदा हवा, पण कामगार कायदे ग्रामपंचायतीत होत नाहीत. तिथे २०११पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. जिथे कायदे होतात त्या विधानसभेत मात्र २०१९मध्ये २८८पैकी फक्त २४ जणी निवडून आल्या, २०२४मध्ये त्याहूनही कमी. २०२३च्या घटनादुरुस्तीतलं विधानसभेतल्या स्त्रियांसाठीचं एकतृतीयांश आरक्षण जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरच लागू व्हायचं आहे.