कुंकळ्ळीचे सोळा गांवकर

मडगावहून कारवारच्या वाटेला लागलं की कुंकळ्ळी लागते. इथलं सोळा गांवकरांचं, म्हणजे गावप्रमुखांचं, स्मारक दिसायला साधं आहे, पण त्यामागचा उठाव १८५७च्या पावणेतीनशे वर्षं आधीचा आहे.

कुंकळ्ळी ज्या भागात येते ती गोव्यातली साष्टी १५४३ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १५६७च्या सुमारास राशोलच्या किल्ल्याच्या कप्तानाने तिथली देवळं पाडायचा सपाटाच लावला. कुंकळ्ळी, आसोळणे, वेरोडा, आंबेली आणि वेळ्ळी या गावांनी सारा भरणं बंद केलं, पाडलेली देवळं पुन्हा उभी केली. त्यावर फौज चालून आली, गावं जळली. १५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट धर्मप्रसारक चर्चची जागा पाहायला कुंकळ्ळीत आले, तेव्हा संतापलेल्या जमावाने त्यांना ठार मारलं. या जेझुइटांचा म्होरक्या रुदोल्फ अक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता.

पुढे वाटाघाटी करू म्हणून पोर्तुगिजांनी सोळा गांवकरांना आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांची कत्तल केली. एकच जण नदीत उडी टाकून निसटला, असं सांगतात. गावांच्या जमिनीही गेल्या.

मारल्या गेलेल्या जेझुइटांना पोपनी १८९३ साली 'धन्य' घोषित केलं. गांवकरांचं स्मारक व्हायला मात्र गोवा मुक्त व्हावा लागला. त्या वेळी स्वतः जेझुइट असलेले गोमंतकीय इतिहासकार तेओतोनियु द सोझा यांनी जेझुइटांचीच कागदपत्रं नव्याने वाचून गावाची बाजू मांडली. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

पण दगडी स्मारकाच्या कितीतरी आधीपासून ही आठवण देवीने सांभाळली. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण तेव्हा फातर्प्याला गेली, ती आजही तिथेच आहे. शिगम्यात मात्र ती माहेरी यावी तशी कुंकळ्ळीला येते. तिच्याबरोबर उंच काठ्यांवरच्या बारा छत्र्या, म्हणजे गावच्या बारा वांगडांची (घराण्यांची) निशाणं. गुलालाने रस्ता लाल होतो, छत्र्या धरणारे हात लाल होतात. या सोंत्रेओ उत्सवात हिंदूंबरोबर ख्रिस्ती घरंही सामील होतात, कारण वांगड दोघांचेही आहेत. त्या सोळा जणांचे वारस आज देवळातही जातात आणि चर्चमध्येही.

गोव्याला जाल तेव्हा जुन्या गोव्याची चर्चं जरूर पाहा. पण अर्धा दिवस राखून कुंकळ्ळी आणि फातर्पा एकाच फेरीत करा, आणि जमलं तर शिगम्यातच जा.