५०० मीटरच्या आत

देवरूखच्या बाजारात एका वाण्याच्या फळीवर वहीचं पान चिकटवलेलं होतं. ‘तांबडा बोका, शेपटीच्या टोकाला गाठ, नाव तांबू. कोणाला दिसल्यास हाक मारू नये. दुकानात सांगावे.’ हरवलेल्याला हाक मारू नका, असं सांगणारी जाहिरात मी आजवर वाचली नव्हती. घर विचारून घेतलं आणि सप्तलिंगी नदीच्या अंगाला उतरणाऱ्या पाखाडीनं खाली गेले.

घर सापडलं ते वासानं. पडवीत चुलीवर तवा आणि तव्यावर सुकट. तांबूच्या घरच्या काकी ती परतत होत्या, पण घरात जेवायला कुणी नव्हतं. वास लांबवर जावा म्हणून ती भाजणं चाललं होतं. “आज चवथा दिवस,” त्या म्हणाल्या आणि पदरानं वारा घालून धूर गडग्याच्या पलीकडे सारायला लागल्या.

तांबू दोन वर्षांचा. दुधाच्या टेम्पोत बसून तो एकदा बाजारात पोचला होता. एकदा माडावर चढला आणि रात्रभर झापांत बसून राहिला. मांजराच्या नख्यांचा बाक असा असतो की वर चढताना त्या खोडात रुततात, पण डोकं खाली करून उतरायला त्यांचा उपयोग होत नाही. मागे सरकत उतरावं लागतं, आणि ते घाबरलेल्या मांजराला सुचत नाही. त्या वेळी त्याला उतरवलं होतं ते वाडीत नारळ पाडणाऱ्या पाडेल्यानं, गळ्यात पिशवी अडकवून. याही वेळी काकी त्याचीच वाट बघत होत्या. तो शेजारच्या गावात कौलं चाळायला गेला होता.

वाडीचा निकाल मात्र लागून चुकला होता. बिबट्या. पाणी भरायला आलेली बाई तेच म्हणाली, दूध घालणारा तेच म्हणाला. त्यांना दोष कसा देऊ? संगमेश्वर तालुक्यात बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही. कुत्र्याच्या नाहीतर कोंबडीच्या मागे धावताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, मग वनखात्याची माणसं दोरानं पिंजरा खाली सोडतात आणि काठावर सगळा गाव जमतो. पण त्या दिवशी मला ‘बिबट्यानं नेलं’ या दोन शब्दांचाच राग आला. ते म्हटलं की शोधायचं काम संपतं. मांजर कुठेतरी जिवंत बसलेलं असलं तरी संपतं.

काकींची भाची शिरवळला पशुवैद्यकाचं शिकते. तिनं फोनवर सांगितलं होतं की हरवलेल्या १२१० मांजरांची माहिती जमवून केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के ५०० मीटरच्या आतच सापडली होती. हाक मारू नका, हेही तिचंच. घाबरलेलं मांजर आवाज करत नाही, ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. अनोळखी माणसानं हाक मारली तर ते आणखी आत सरकतं. काकींनी त्यातलं ५०० मीटर तेवढं घट्ट धरून ठेवलं होतं. “पाचशे मीटर म्हणजे कुठपर्यंत गो?” त्यांनी मला दोनदा विचारलं. सपाटीवर उत्तर सोपं आहे. इथे एका अंगाला पऱ्या, दुसऱ्या अंगाला काजूची बाग, मध्ये जांभ्याचे गडगे, आणि प्रत्येक गडग्याच्या भोकात एक मांजर मावेल.

रात्री आम्ही बॅटऱ्या घेऊन निघालो. शोधायची खरी वेळ तीच. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला चकाकणारा थर असतो. झोत पडला की दोन हिरवट ठिपके पेटतात. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरायची आणि झोत जमिनीलगत सावकाश फिरवायचा. लाकडांच्या रचीखाली, गोठ्याच्या माळ्यावर, पडक्या न्हाणीत आम्ही पाहिलं. ठिपके दोनदा पेटले. एक कांडेचोर निघाला, दुसरी परकी भाटी. काकी माझ्यापुढे वाकून चालत होत्या. गुडघे दुखतात म्हणून पाखाडी उतरायचं टाळणारी बाई पऱ्याच्या दगडांतून हात घालून बघत होती.

सकाळी पाडेली आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, तळपाय फळीसारखे. त्यानं झाडाकडे पाहिलं नाही की गडग्याकडे. अंगणात उकिडवा बसला आणि विचारलं, “काकी, तांबू गेला त्या दिशी वाडीत नवीन काय झाला?”

काही नाही, काकी म्हणाल्या. मग थांबल्या. शेजारचे मुंबईकर त्याच सकाळी गेले. मे महिना गावाला काढून, पावसाआधी घर बंद करून.

“बिबट्या आला असता तर कुत्री गप बसली नसती ओ,” एवढंच बोलून तो उठला.

ते घर चाळीस पावलांवर होतं. चार दिवसांत आम्ही सगळ्यांनीच त्याला फेऱ्या मारल्या होत्या, दाराशी उभं राहून कानोसा घेतला होता आणि आतून चाहूल नाही म्हणून पुढे गेलो होतो. किल्ली दर वर्षी काकींकडे असते. या वर्षी कुलूप नवीन घेतलेलं, दोन्ही किल्ल्या मुंबईला. फोन लावला. पलीकडून माणूस कळवळून म्हणाला, “कौलं काढा, काय हवं ते काढा.”

मृगाचं आभाळ भरून आलेलं. पाडेली बांबूची शिडी लावून छपरावर गेला आणि वाशाच्या रेषेवर पाय देत चढला, कारण कौलाच्या मध्यावर भार पडला की ते तडकतं. मंगळुरी कौल खाचेत बसलेलं असतं. वरचं किंचित उचलून खालचं सरकवून काढावं लागतं. त्यानं नऊ काढली आणि एकावर एक रचली, एकालाही टवका नाही. भगदाडात तोंड घातलं. मग आमच्याकडे वळून हसला.

“मुताचा वास येतोय. जिता हाय!”

असा वास ऐकून कुणाला रडू फुटलेलं मी पाहिलं नव्हतं. काकी शिडीचा पाय धरून रडत होत्या.

तो रिपांमधून माळ्यावर उतरला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. तो बोलत नव्हता, हाक मारत नव्हता, नुसता बसून राहिला असणार. पावसाचे थेंब पडायला लागले तेव्हा गळ्यातल्या पिशवीसकट वर आला. पिशवीच्या तोंडातून गाठीची शेपटी बाहेर लोंबत होती. तांबूला काकींच्या हातात देऊन तो पुन्हा शिडी चढला आणि भिजत नऊही कौलं बसवूनच खाली उतरला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

न्हाणीतल्या बादलीच्या तळाला पाणी राहिलं होतं, त्यावर तांबू तगला होता. भाचीनं बजावलं की एकदम पोटभर घालू नका आणि आजच डॉक्टरांना दाखवा. चार-पाच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतावर चरबी चढू शकते. मग तिनं त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट सांगितली. फार चौकस स्वभावाची मांजरं इतरांपेक्षा जास्त करून दुसऱ्याच्या घरात सापडतात. पाडेल्यानं तो अभ्यास वाचला नव्हता.

संध्याकाळी निघताना पाखाडीवर पुन्हा सुकटीचा वास आला. आता ती खाणारा घरात होता.

गावचं घर बंद करून निघणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. कुलूप लावण्याआधी माळ्यावर, न्हाणीत, फडताळाखाली बॅटरी मारून बघा. दार ओढून घेतल्यावर दहा मिनिटं पडवीत गप्प बसा आणि कान द्या. आणि एक किल्ली शेजारी ठेवून जा.